फ्रिजमधलं इंजेक्शन

गेल्या पावसाळ्यात आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एक छोटं खोकं असायचं. एका बाजूला विरजणाचं भांडं, दुसऱ्या बाजूला निवडलेल्या कोथिंबिरीचा डबा आणि मध्ये हे खोकं. त्यावर मी मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘हात लावू नका. फ्रीझरमध्ये ठेवू नका.’ पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना बरेच दिवस वाटत होतं की आत काहीतरी महागडी मिठाई आहे. आत आईची इंजेक्शनं होती.

आईला स्तनाचा कॅन्सर झाला तेव्हा ती ६३ वर्षांची होती. ऑपरेशन होऊन गाठ निघाली, टाके सुकले आणि केमोथेरपी सुरू झाली. एकूण सहा वेळा, दर तीन आठवड्यांनी. आम्ही बडोद्याला राहतो. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. बातमी कळली तसे फोन सुरू झाले आणि जवळजवळ प्रत्येक फोनच्या शेवटी एकच वाक्य यायचं, ‘तिची इम्युनिटी वाढव.’ काकूंनी गुळवेल सांगितली. शेजारच्या बेन रोज सकाळी स्टीलच्या डब्यात उकाळो घेऊन यायच्या. कुणी गव्हांकुराचा रस सुचवला, कुणी पपईच्या पानांचा. मी सगळ्यांना हो म्हणत गेले. त्यातलं बरंचसं आईला पाजलंही, आणि तेही डॉक्टरांना न विचारता. आपण काहीतरी करतोय, एवढं समाधान मला त्यातून मिळत होतं.

पहिल्या केमोनंतर नवव्या दिवशी रात्री साडेदहाला आईचं अंग तापलं. थर्मामीटरवर १०१ दिसले. हॉस्पिटलमधून मिळालेल्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की ताप १००.४ च्या वर गेला तर वाट पाहू नका, रात्र असली तरी या. तो कागद मी वाचलेला होता. चुंबकाने फ्रिजच्या दारावर लावलाही होता. तरी मी खिडकीबाहेर पाहिलं. पाऊस कोसळत होता. आई दमलेली होती. खोकला नाही, सर्दी नाही, ऑपरेशनची जागा कोरडी. मी तिला पॅरासिटामॉल दिली, कपाळावर ओली घडी ठेवली आणि काढा गरम करून पाजला. तासाभरात ताप उतरला. काढ्याचा गुण आला असं मला मनापासून वाटलं.

पहाटे साडेचारला तिचे दात वाजायला लागले. दोन दुलया घातल्या तरी हुडहुडी थांबेना. हॉस्पिटलमध्ये पोहोचलो तेव्हा तिचं ब्लडप्रेशर घसरलेलं होतं. रक्ताचा रिपोर्ट आला. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दोन ते सात हजार असतात. आईच्या दीडशेसुद्धा नव्हत्या. पाचशेच्या खाली आकडा गेला की धोका मोठा असतो, हे मला त्या सकाळी कळलं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू करून झाल्यावर त्यांनी मला बाजूला बसवलं आणि विचारलं, “रात्री बाकी काहीच लक्षण नव्हतं ना?” मी म्हटलं, “नाही, म्हणूनच तर थांबले.” त्या म्हणाल्या, “लक्षण दिसायलासुद्धा पेशी लागतात.” जखम लाल होते, सुजते, तिच्यात पू होतो, ते सगळं बऱ्याच अंशी न्यूट्रोफिल तिथे पोहोचल्यामुळे होतं. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या या पेशीच. त्याच नसतील तर शरीरात जंतू पसरत असले तरी बाहेरून सगळं शांत दिसतं. ताप ही अशा वेळची एकमेव खूण असू शकते, आणि मी गोळी देऊन तीच झाकली होती.

आई सहा दिवस ॲडमिट होती. सातव्या दिवशी घरी आली. पुढच्या केमोपासून इंजेक्शनं सुरू करायचं ठरलं. नर्स त्याला ‘ग्रोथ फॅक्टर’ म्हणायच्या. फाइलवर नाव होतं फिलग्रॅस्टिम. औषधाच्या दुकानातल्या भाईंनी बर्फाच्या पिशव्यांसकट थर्माकोलचा डबा माझ्या हातात दिला आणि बजावलं, “बेन, फ्रिजमां राखजो, फ्रीझरमां नहीं.” दोन ते आठ अंश, त्याच्या खाली नाही आणि वर नाही. त्या डब्यावरून घरी येताना मी रिक्षावाल्याला खड्डे चुकवायला सांगत होते.

सहा दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी एकच प्रश्न घोळवत होते. गुळवेल, उकाळो, गव्हांकुर यांतल्या कशानेही जे झालं नाही ते हे इंजेक्शन कसं करणार? मग वाचायला लागले. डॉक्टरांना विचारत गेले. मी कॉमर्सची, त्यामुळे समजायला वेळ लागला, पण जे समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

आपल्या हाडांच्या आत मगज असतो. तिथे रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. रक्तात त्यांचं आयुष्य काही तासांचं ते एखाद्या दिवसाचं, त्यामुळे हा कारखाना बंद ठेवून चालत नाही. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांच्या मुळांच्या, तोंडाच्या अस्तराच्या आणि या मगजातल्या पेशीही तशाच असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं आणि साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. आईचा नववा दिवस असा मधोमध सापडला होता.

मगजाला ‘आता एवढ्या पेशी बनव’ हे कळतं कसं? १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत डोनाल्ड मेटकाफ या शास्त्रज्ञाने त्याचा माग काढायला घेतला. मगजातल्या पेशी बशीत अगरच्या जेलीवर वाढवायच्या, अशी पद्धत होती. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. हे वाचलं तेव्हा मला आईचं उन्हाळ्यातलं दुधाचं चायना ग्रास आठवलं. नुसत्या जेलीवर त्या पेशी वाढत नव्हत्या. दुसऱ्या पेशींनी सोडलेलं काहीतरी त्यांना मिळालं तरच त्यांचे पुंजके दिसायचे. ते ‘काहीतरी’ शोधून वेगळं करण्यात त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पुढची अनेक वर्षं गेली. ती होती प्रथिनं, इतक्या अत्यल्प प्रमाणात की पकडणं मुश्कील. त्यांतलंच एक जी-सीएसएफ. न्यूट्रोफिल वाढवण्याचा निरोप तेच देतं. १९९१ साली अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झालं.

शरीर हा निरोप स्वतःच पाठवत असतं. कुठे जंतू शिरले की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी आणि मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जी-सीएसएफ सोडतात. ते मगजात पोहोचलं की तिथल्या कोवळ्या पेशी भराभर विभागतात, लवकर पिकतात आणि तयार झालेल्या रक्तात उतरतात. आईच्या इंजेक्शनात हाच निरोप होता, फक्त बाहेर बनवलेला. बनवला होता ई. कोलाय या जिवाणूंकडून, त्यांच्यात माणसाचं जनुक घालून. जंतू मारणाऱ्या पेशी वाढवायचं औषध जंतूंकडूनच करून घेतात, हे आईला सांगितल्यावर ती कितीतरी वेळ हसत होती. “चोराकडूनच कुलूप करून घेतलं म्हण की!”

यात वेळेचंही गणित होतं. केमो संपल्यावर चोवीस तास जायच्या आत हे इंजेक्शन द्यायचं नसतं. नाहीतर ते मगजातल्या पेशींना वाढायला लावतं आणि नेमक्या त्या वाढत्या पेशी केमोच्या तावडीत सापडतात. म्हणून एक दिवस मध्ये सोडून रोज संध्याकाळी नर्स यायच्या आणि पोटावर सुई टोचायच्या.

तिसऱ्या दिवसापासून आईची हाडं ठणकायला लागली. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड. तिला वाटलं कॅन्सर हाडात उतरला. तसं ती म्हणाली नाही, पण रात्रभर जागी होती आणि सकाळी तिने माझ्याकडे न बघता विचारलं, “हे असं दुखणं कशाचं असतं गं?” मी लगेच फोन लावला. डॉक्टरांनी कुठे आणि कसं दुखतंय ते सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की या इंजेक्शनाने मगजाचं काम एकदम वाढतं, म्हणून मोठी हाडं अशी ठणकतात. अनेकांना होतं, इंजेक्शनं थांबली की जातं. आईचा चेहरा बदललाच. त्यानंतर दुखायला लागलं की ती म्हणायची, “चाललीय भरती शिपायांची.”

त्याच सुमारास पुण्याहून मावशी आली, मला मदत करायला. मावशी आईहून चार वर्षांनी लहान. तिला गेली अकरा वर्षं संधिवात आहे, हातापायांच्या बोटांचे सांधे सुजवणारा, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर चालून जाते. दर रविवारी नाश्ता झाल्यावर ती मेथोट्रेक्झेटची गोळी घेते. प्रतिकारशक्तीला आवरण्यासाठी.

एका रविवारी दोघी बहिणी जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. मावशीने आपली गोळी घेतली. आईने पोटावरच्या पदराची बाजू सैल केली, त्या दिवशी नर्स सकाळीच आल्या होत्या. एकीला पेशी वाढवायचं औषध, दुसरीला आवरायचं, आणि दोघींना जन्म देणारी आई एकच. मी हातात उकाळोचा डबा घेऊन उभी होते. बेनने दोघींसाठी आणला होता, ‘इम्युनिटी वधारे’ म्हणून. मावशी म्हणाली, “अगं, माझी अजून वाढवलीस तर मला भाजीसुद्धा चिरता यायची नाही.” सांध्यांच्या सुजेत आईच्या औषधाचं चुलत भावंड सापडतं, जीएम-सीएसएफ नावाचं. तेही पेशी वाढवणारंच. जिथे नको तिथे त्याचा निरोप जात राहतो.

तोपर्यंत ‘इम्युनिटी’ म्हणजे बँकेतल्या शिल्लक रकमेसारखी वस्तू आहे, जितकी जास्त तितकी बरी, असं मी धरून चालले होते. त्या टेबलाशी मला पहिल्यांदा शंका आली.

तिसऱ्या केमोनंतर ती शंका पक्की झाली. इंजेक्शनं चालू असताना रिपोर्ट आला तर न्यूट्रोफिल अठरा हजार. दीडशेवरून अठरा हजार! मी पेढे वाटायच्या बेतात होते. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, “छान. आता इंजेक्शन बंद.” मी म्हटलं, “खोक्यात दोन शिल्लक आहेत. खबरदारी म्हणून देऊन टाकू का?” त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “कशाची खबरदारी?” न्यूट्रोफिलच्या पोटात जंतू जाळायची रसायनं असतात. गरज संपल्यावर ती उधळली तर आपल्याच पेशी भाजतात. शरीरालासुद्धा हे ठाऊक आहे. तयार झालेले न्यूट्रोफिल रक्तातलं जी-सीएसएफ स्वतःच धरून संपवतात. संख्या वाढली की निरोप आपोआप विरत जातो, संख्या घटली की रेंगाळतो. इंजेक्शन थांबवल्यावर आईचा आकडा दोन दिवसांत निम्म्यावर आला. मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, “असाच यायला हवा.”

त्या रात्री आईने मला तो प्रश्न विचारला. दिवा मालवला होता. मावशी घोरत होती. “एक विचारू? सगळे म्हणतात इम्युनिटी वाढव. म्हणजे माझी कमी होती म्हणूनच हे झालं ना? मी स्वतःकडे बघितलं नाही म्हणून?” आईने आयुष्यभर सगळ्यांना वाढून उरलेलं खाल्लं. ते ती आता आपल्या आजाराचं कारण म्हणून मोजत होती. आमच्या सगळ्यांच्या प्रेमळ फोनांनी तिला हे शिकवलं होतं.

मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारलं, आणि तिथे मला आणखी एका ग्रोथ फॅक्टरचं नाव कळलं, टीजीएफ-बीटा. नावात ‘ग्रोथ’ आहे, पण प्रतिकारशक्तीच्या बाबतीत त्याचं मुख्य काम थांबवणं. लढाई संपली, आता शांत व्हा, जखम भरू द्या. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी टीजीएफ-बीटा-१ चं जनुक नसलेले उंदीर तयार केले. ती पिल्लं जन्मली, पण साधारण तीन आठवड्यांची होता होता त्यांच्या हृदयात, फुप्फुसांत, पोटात पांढऱ्या पेशी शिरून सूज भडकली आणि ती मेली. प्रतिकारशक्ती भरपूर होती. आवरणारं कुणी नव्हतं.

आणि कॅन्सरची गाठ याच निरोपाचा गैरवापर करते. अनेक गाठी स्वतःभोवती टीजीएफ-बीटा सोडतात. मारायला आलेल्या पेशींना ‘शांत व्हा’ असं सांगितलं जातं, आणि त्या ऐकतात, कारण त्यांना तसंच शिकवलेलं असतं. गाठ लपायला वापरते त्या अनेक युक्त्यांपैकी ही एक. त्यात गाठ आपल्याच पेशींची, परकी नव्हे, त्यामुळे ओळखायला मुळातच कठीण.

घरी येऊन मी आईला हे सगळं सांगितलं. पुढे म्हटलं, “तुझे शिपाई अशक्त नव्हते. त्यांना खोटा निरोप दिला गेला.” आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “म्हणजे शिळी पोळी खाल्ल्याने नाही?” मी म्हटलं, “नाही गं.” ती रडली. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा रडली नव्हती.

मग मलाही राहवलं नाही. त्या पावसाच्या रात्रीचं मी तिला कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, “आई, तो कागद मी वाचला होता. १००.४ चा. तरी तुला नेलं नाही.” आईने डोळे पुसले आणि म्हणाली, “मीही वाचला होता. पाणी प्यायला फ्रिजपाशी जायचे तेव्हा रोज वाचायचे. म्हटलं, एवढ्या पावसात पोरीला कुठे बाहेर काढू.” दोघींना माहीत होतं आणि दोघी एकमेकींसाठी गप्प बसलो होतो. त्यानंतर आम्ही एक नियम केला. तापाचा आकडा दिसला की कुणी कुणाचा विचार करायचा नाही, बॅग उचलायची. ती बॅग शेवटच्या केमोपर्यंत दाराशी भरलेली होती. चौथ्या फेरीत एकदा वापरलीही. रात्री अकराला निघालो, रिपोर्ट चांगला आला, दोनला परत येऊन आम्ही तिघींनी मऊभात खाल्ला.

बेनच्या उकाळोचं काय केलं, ते सांगायला हवं. मी डॉक्टरांना यादी दाखवली. केमो चालू असताना कुठलीही पाला-मुळी, रस किंवा चूर्ण विचारल्याशिवाय द्यायचं नाही, असं त्यांनी सांगितलं, कारण औषधांवर आणि यकृतावर त्याचा परिणाम होऊ शकतो. मी बेनना घरी बोलावून समजावलं. त्यांना वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या त्याच स्टीलच्या डब्यात गरम मुगाची खिचडी घेऊन आल्या. ती मात्र आईने चवीने खाल्ली.

शेवटचं इंजेक्शन झालं त्यानंतर काही दिवसांनी कोजागिरी होती. २०२५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल त्याच दिवशी जाहीर झाला. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना, प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींच्या शोधासाठी. बातमी वाचताना मी दूध आटवत होते. अशा काही पेशी घडवण्यात टीजीएफ-बीटाचा हात असतो, एवढं मला आता कळत होतं, म्हणून ती बातमी घरातलीच वाटली. आणखी एक गोष्ट मी वाचून ठेवली होती. आईच्या दुधातही टीजीएफ-बीटा असतं. तान्ह्या बाळाच्या आतड्याला प्रत्येक नवी गोष्ट शत्रू वाटू नये, यात त्याची मदत होते. मी ते आईला सांगितलं. “तू आम्हाला लहानपणीच शांत राहायला शिकवलंस.” आई म्हणाली, “तुला? तुला कुठे शिकवलं गेलं!” मावशी हसता हसता खोकायला लागली.

मग आई उठली, फ्रिज उघडून तिने मधला कप्पा पाहिला. उरलेली दोन इंजेक्शनं मी हॉस्पिटलच्या औषध विभागात देऊन आले होते. खोकं रिकामंच होतं, मला टाकवत नव्हतं. आईने ते काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, “हे टाक आता. मला तिथे मसाला दुधाचं पातेलं ठेवायचंय.”